फलकाचा सत्कार

बलभीम हुंबे यांनी आयुष्यात एकच तक्रार अर्ज लिहिला, आणि त्याच्यावर दवाखान्याच्या मॅनेजरनं खोबरं खाल्लं. हे खोटं वाटेल, पण भूममध्ये कुणालाही विचारा. उलट विचारू नकाच, कारण सांगणारा पुढं चार गोष्टी पदरच्या घालील.

बलभीम हुंबे म्हणजे आपले नाना. सव्वीस वर्षं तालुक्यातल्या एका दूध संघात होते. संघ आता राहिला नाही, तेव्हा गेलेल्याचं नाव घेऊन कशाला दुखवा. रोज सकाळी ओट्यावर उभं राहून दूध घालणाऱ्यांची नावं पुकारायची, "सिदू वाघमोडे, साडेसात लिटर, फॅट चार-दोन!" हे त्यांचं मुख्य काम. माईक कधी लागला नाही. त्या आवाजावर पलीकडच्या आळीतल्या बायका चहाचं आधण ठेवायच्या. दुसरं काम, तक्रार पेटीची किल्ली सांभाळणं. निळी पत्र्याची पेटी, तिला पितळी कुलूप, आणि किल्ली नानांच्या करदोड्याला. "पेटी उघडायला संचालकांची सही लागती," असं ते सगळ्यांना सांगत. सही कधी आली नाही आणि नानांनीही कधी मागितली नाही. पेटी उघडली नाही म्हणजे तक्रार नाही, अशी त्यांची सरळ समजूत होती आणि त्या समजुतीवर माणूस सव्वीस वर्षं शांत झोपला. संघ बंद पडला त्या दिवशी कुणी पंखा नेला, कुणी खुर्ची नेली, नानांच्या वाट्याला पेटी आली. कडूबाईंनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि वर लोणच्याची बरणी ठेवली.

कडूबाई म्हणजे नानांची बायको. बोलायला तिखट, पण दुखणं आलं की गप्प बसणारी. त्यामुळं जानेवारीत एका सकाळी ती भाकरी थापता थापता परातीवर वाकली आणि "अगं आई गं" म्हणाली, तेव्हा नाना हातातला पेपर टाकून उठले. सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडाच्या तोंडाशी मुतखडा निघाला, तेरा मिलिमीटरचा. भूमच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हा पाणी पिऊन पडणारा नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्या. सरकारी योजनेत बसतं, धाराशिवला होतं. उगीच खिशातून पैसे घालू नका."

मग आळी सल्ला द्यायला आली. मुतखड्यावर ज्याला औषध माहीत नाही असा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचाय. कुणी कुळथाचं कढण सांगितलं, कुणी पानफुटीची पानं आणून दिली. शेजारचा महारुद्र, ज्याचं कापडाचं दुकान आहे, तो नानांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नाना, बियर. औषध म्हणून. वहिनींना जमत नसंल तर तुमी घ्या, निदान तुमाला तरी त्रास व्हायचा न्हाय." कडूबाईंनी तीन आठवडे कुळीथ प्यायलं. खडा जागचा हलला नाही, फक्त घरातल्या माणसांना कुळथाचा वास सहन होईना.

तेव्हा नाना रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट असं सगळं एका पिशवीत घालून कडूबाईंसह धाराशिवला गेले. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तीन मजली, दारात काचेचा सरकता दरवाजा. मॅनेजर दिग्विजय, इस्त्रीचा शर्ट, कानात ते बिनवायरीचं बोंडूक. त्यानं पिशवीकडं न बघताच सांगितलं, "काका, योजनेतली खाट शिल्लक नाही. पंधरा दिवसांनी या. रोखीनं करायचं असेल तर उद्याच घेतो."

पंधरा दिवसांनी गेले. "पंधरा दिवसांनी या."

नाना बाहेर येऊन पायरीवर बसले. त्यांना काहीतरी ओळखीचं वाटत होतं. बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आलं. तो पंधरा दिवसांचा सूर त्यांचा स्वतःचाच होता. "संचालकांची सही यायचीय" हे ते अगदी असंच म्हणायचे, असंच समोरच्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडं बघत. त्यांनी तो विचार झटकला आणि कडूबाईंना उसाचा रस पाजला.

घरी आल्यावर समोरचे हणमंतप्पा आले. अप्पा तहसिलीत अव्वल कारकून होते आणि निवृत्तीनंतर गॅझेट वाचतात, जशी बाकीची माणसं पोथी वाचतात. ते म्हणाले, "बलभीमराव, राज्य सरकारचा नियम आहे. प्रत्येक दवाखान्यानं दरांचा तक्ता आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. दर्शनी! पुढच्या वेळी जाल तेव्हा विचारा, फलक कुठाय? फलकावर कसला दर, काय हक्क, तक्रार कुठं करायची, सगळं असतं. माणूस फलकाखाली उभा राहून बोलला की मॅनेजर मऊ येतो."

नाना गेले. फलक शोधू लागले. दर्शनी भागात काय होतं? भिंतभर काचेचं कपाट. त्यात सन्मानचिन्हं. आरोग्यरत्न, सेवाभूषण, एका गणेश मंडळानं दिलेला चांदीच्या रंगाचा गरुड, शाली घड्या करून ठेवलेल्या. धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी पडतो, सत्कार भरपूर होतात. नानांनी मान वाकडी करून कपाटाच्या मागं पाहिलं, तर भिंत आणि कपाट यांच्या फटीत निळ्या फलकाची वीतभर कड दिसली. तिच्यावर एवढंच वाचता येत होतं, "...चा हक्क आहे."

जिन्याखाली एक छोटं टेबल होतं, त्यावर 'आरोग्यमित्र' अशी पाटी. शेजारी ऑक्सिजनच्या टाक्या उभ्या केलेल्या, त्यामुळं पाटी फक्त टाक्या बदलायला येणाऱ्या माणसाला दिसायची. टेबलामागं राजेश्वरी नावाची मुलगी. योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी तिला तिथं बसवलेलं. नानांना बघून तिला रडूच यायचं राहिलं. "काका, आज तुम्ही पहिलेच," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत कुणी येतच नाही. काउंटरवरच परत पाठवतात. फलक पूर्वी दिसायचा. कपाट आलं आणि फलक मागं गेला. मी दोनदा लिहून दिलं. खाटा आहेत काका, पण दवाखान्यानं खाट दिल्याशिवाय मला केस मंजुरीला वर पाठवता येत नाही, आणि मॅनेजर खाट द्यायलाच तयार नाहीत!"

झालं. नाना पेटले. घरी येऊन त्यांनी अप्पांच्या मदतीनं अर्ज लिहिला. 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत दोन पानं. विश्वासू लिहावं की त्रस्त लिहावं यावर अर्धा तास वाद झाला.

इथं महारुद्र मध्ये पडला. "नाना, अर्ज असा थेट द्यायचा नसतो. देवाच्या आन् डॉक्टरच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ ने. आधी एक शाल, नारळ. साहेब खूश झाला की मग हळूच अर्ज सरकवायचा. राग बी न्हाय, काम बी व्हतंय." अप्पांनी नाक मुरडलं, पण नानांना पटलं. कारण खरं सांगायचं तर त्यांनी आजवर कुणाकडं तक्रार केलीच नव्हती. दुसऱ्याची तक्रार पेटीत ठेवणं वेगळं आणि आपली तक्रार दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं. शाल पुढं असली की तक्रार मागं लपते.

सोमवारी दोघे गेले. महारुद्रनं दुकानातलं ताट आणलं, त्यात शाल, नारळ, हार, आणि सगळ्याच्या खाली घडी करून अर्ज. दिग्विजयनं ताट पाहिलं आणि त्या माणसाचा चेहराच पालटला. "अरे वा! सत्कार? या या!" नाना "नाही, म्हणजे आधी..." म्हणेपर्यंत नर्सा गोळा झाल्या, कपाटासमोर खुर्ची आली, डॉक्टर रणधीर ऑपरेशनची टोपी काढत काढत येऊन बसले. डॉक्टर तसा वाईट माणूस नव्हता. हात चांगला, पण दवाखाना दिग्विजयच्या भरवशावर सोडलेला. नानांच्या हातात कुणीतरी शाल दिली आणि कुणीतरी त्यांचे हात डॉक्टरच्या खांद्यावर ठेवले. "इकडं बघा, हसा काका!" क्लिक. डॉक्टर उठून परत ऑपरेशनला गेले. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. नाना अर्ज शोधू लागले तर दिग्विजय टेबलाशी टेकून खोबरं खात होता आणि खोबऱ्याखाली कागद म्हणून जे होतं, त्याच्यावर नानांच्या अक्षरात 'महोदय' लिहिलेलं होतं.

"त्यो अर्ज..." नाना म्हणाले.

"खोबरं घ्या ना काका," दिग्विजय म्हणाला.

बुधवारी पेपरात फोटो आला. 'उत्कृष्ट रुग्णसेवेबद्दल भूमच्या ज्येष्ठ नागरिकाकडून सत्कार.' नाना हसतायत. हसायचं नव्हतं, पण क्लिक म्हटलं की ओठ आपोआप फाकतात, त्याला माणूस काय करणार? दिवसभर लोक हात मिळवायला येत होते. दोघं तर "नाना, तुमची ओळख दिसती, आमच्या आईचं बी बघा की" म्हणून गळ घालून गेले. वर बियरवाल्या महारुद्रनं फोटो फ्रेम करून आणला.

कडूबाईंनी फोटो पाहिला, मग नवऱ्याकडं पाहिलं. "खडा माझ्या पोटात, आन् शाल त्येच्या खांद्यावर. चांगलं हाय," एवढंच त्या म्हणाल्या. नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

नाना जिद्दीला पेटले आणि अर्जाची दुसरी प्रत घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथल्या टेबलावरच्या बाई समजूतदार होत्या. अर्ज वाचला, दवाखान्याला फोन लावला, आणि पाच मिनिटांत त्यांच्या मोबाइलवर दवाखान्याचं उत्तर आलं. पेपरातलं कात्रण. बाईंनी कात्रण पाहिलं, नानांकडं पाहिलं. "काका, हे तुम्हीच का?"

"मीच, पण..."

"सोमवारी सत्कार, गुरुवारी तक्रार. मी यातलं काय नोंदवू?"

नाना म्हणाले, "बाई, खरं ते नोंदवा. सत्कार चुकून झाला."

बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी अर्ज नोंदवून घेतला, पोचही दिली. "तपासणी लागेल, पण पुढच्या महिन्यात. फलक झाकलेला आहे याचा फोटो आणलात तर बरं." नाना फोटो काढायला गेले. कपाटाच्या काचेवर नवी पाटी लागली होती, 'येथे फोटो काढण्यास मनाई आहे.' तिच्या मागंच नानांची शाल नीट घडी करून ठेवली होती.

मार्च उजाडला आणि कडूबाईंना कणकण येऊ लागली. पुन्हा सोनोग्राफी केली. भूमचे डॉक्टर या वेळी गंभीर झाले. "किडनीला सूज आलीय नाना. आता महिना काढायचा नाही. आठ-दहा दिवसांत खडा निघाला पाहिजे, नाहीतर किडनीवर बेतेल."  घरी आल्यावर नाना म्हणाले, "रान इकू. रोखीनं करू."

"इकायला रान हाय किती? दीड एकर," कडूबाई कॉटवर पडल्या पडल्या म्हणाल्या. "आन् जे सरकारनं दिलंय ते आपुन इकत का घ्यायचं? तुमचा त्यो फलक कशानं झाकलाय?"

"कपाटानं."

"कपाटात काय हाय?"

"सत्काराचं सामान."

"मग सत्कारानं झाकलंय ते सत्कारानंच उघडा की! त्येला सत्कार आवडतोय तर करा अजून एक. ह्या बारीला त्येचा नगं, फलकाचा करा."

 रिपोर्ट बघायला आलेले अप्पा तर उभेच राहिले आणि म्हणाले, "पंधरा मार्च! जागतिक ग्राहक हक्क दिन! वहिनी, तुम्ही तहसिलीत पाहिजे होता."

त्या दिवशी तारीख होती बारा. अप्पांनी असं काही पत्र लिहिलं की ते वाचून दगडालाही फेटा बांधून घ्यावासा वाटला असता. 'आपल्या नामांकित रुग्णालयातील रुग्णहक्क फलकाचे अनावरण आपल्याच शुभहस्ते करण्याचा भूमच्या ज्येष्ठ नागरिकांचा मानस आहे. पत्रकार उपस्थित राहतील.' दिग्विजय बाहेरगावी होता, त्यामुळं पत्र सरळ डॉक्टरांच्या हातात पडलं. डॉक्टर खूश. त्यांनी होकार तर दिलाच, वर राजेश्वरीला विचारलं, "आपला फलक आहे कुठं?" राजेश्वरीनं बोट दाखवलं. "मग कपाट हलवा की! पडदा कुठं लावणार ते लोक?" कपाट हलवायला सहा माणसं लागली. गरुडाचा एक पंख तुटला.

पंधरा तारखेला भूमहून जीप भरून माणसं गेली. कडूबाई हट्टानं आल्या, कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून. महारुद्रनं या वेळी खर्च स्वतःच्या अंगावर घेतला, कारण शालीचं पाप त्याला खात होतं. फलकावर भगव्या साटीनचा पडदा, त्याला दोरी. डॉक्टरांना फेटा, राजेश्वरीला फेटा. समोर बाकांवर येरमाळ्याची, लोहाऱ्याची, कुठकुठली माणसं नंबरची चिठ्ठी हातात धरून बसलेली. दिग्विजय धावत आत आला तेव्हा डॉक्टरांनी दोरी ओढलेली होती आणि टाळ्या चालू होत्या.

"आता हुंबे नानांनी दोन शब्द बोलावेत," अप्पा म्हणाले.

नाना उठले. भाषण पाठ केलं होतं, ते एका क्षणात विसरले. समोर बायको कमरेला हात लावून बसलेली दिसली.  मग त्यांची नजर फलकाकडं गेली. ओळींमागून ओळी, नाव आणि आकडा, नाव आणि आकडा. हे तर त्यांना येत होतं! त्यांनी छाती भरली आणि पुकारायला सुरुवात केली.

"खाटेचं भाडं, जनरल वॉर्ड!" पुढं आकडा. "डॉक्टरांची तपासणी फी!" पुढं आकडा. सरकता दरवाजा हादरला. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. एकेक दर सव्वीस वर्षांच्या आवाजात बाहेर पडू लागला आणि बाकांवरची माणसं खिशातल्या पावत्या काढून बघू लागली. मग नाना हक्कांवर आले. "रुग्णाला आजाराची, उपचाराची आन् खर्चाची माहिती मिळण्याचा हक्क हाय! बिलाचा तपशील मिळण्याचा हक्क हाय! औषध कुठल्याबी दुकानातून घेण्याचा हक्क हाय!"

"व्हय?" येरमाळ्याची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली. "मग मला हितलंच घ्या म्हून का सांगितलं?"

 पत्रकार लिहीत होता. नाना शेवटच्या ओळीवर आले, ती मात्र त्यांनी सावकाश पुकारली. "योजनेत पात्र असलेल्या रुग्णाचा उपचार मोफत. आरोग्यमित्रास भेटा." ते थांबले आणि डॉक्टरांकडं वळून साध्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमी दीड महिना भेटतोय. ही माझी बायको. आतून किडनी सुजलीय. खाट न्हाय म्हणत्यात."

डॉक्टर रणधीरांनी फेट्याखालून दिग्विजयकडं पाहिलं. दिग्विजयनं मागच्या भिंतीकडं पाहिलं, पण तिथं आता फलक होता.

"राजेश्वरी, योजनेच्या किती खाटा रिकाम्या आहेत?"

"सात, सर. कालही सात होत्या."

डॉक्टरांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. चेहरा लाल झालेला. स्वतः पुढं येऊन कडूबाईंचा रिपोर्ट हातात घेतला, उजेडाकडं धरला आणि म्हणाले, "आजी, हे आधीच व्हायला पाहिजे होतं. आजच दाखल व्हा." मग बाकांकडं वळून, "ज्यांच्याकडं रेशनकार्ड आहे त्यांनी आधी या ताईंकडं जा." राजेश्वरीचं टेबल त्याच वेळी दोन भूमकरांनी जिन्याखालून उचलून फलकाखाली आणलं. फेटा तसाच डोक्यावर ठेवून ती कागद तपासू लागली. रांग दाराबाहेर गेली.

कडूबाईंची मंजुरी दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. खिशातून एक पैसा गेला नाही. डॉक्टरचा हात खरंच चांगला होता, हे मान्य केलं पाहिजे. खड्याचे तुकडे बाटलीत घालून दिले. आळीतले सगळे बघून गेले आणि प्रत्येकजण म्हणाला, "कुळथानं जरा मऊ झाला व्हता, म्हून निघाला."

महिन्यानं तपासणी झाली. कचेरीतल्या बाई स्वतः आल्या, फलक समोर, टेबल समोर. एकच उणीव निघाली. दवाखान्यात तक्रार पेटी नव्हती. डॉक्टरांनी नानांना फोन केला, "काका, कुठं बनवून मिळेल?"

नाना फोन ठेवून उठले. स्वयंपाकघरात गेले, फळीवरची बरणी उतरवली, पेटी खाली घेतली. "द्यायच्या आधी रिकामी तर करा," कडूबाई म्हणाल्या. नानांनी करदोड्याची किल्ली सोडली. कुलूप गंजलेलं, खोबरेल घालून उघडलं. पेटी रिकामी असणार अशी त्यांची खात्री होती, आणि आतून चिठ्ठ्यांचा ढीग फरशीवर पडला. पिवळ्या पडलेल्या, काही वहीच्या पानावर, काही विडीच्या कागदावर. दोघं फरशीवर बसले आणि वाचू लागले. वजनाचा काटा बघा. पहाटे ओट्यावर दिवा नाही. फॅट कमी लावतात. त्यातल्या निम्म्यांचे मालक आता या जगात नव्हते.

एक चिठ्ठी शाळकरी अक्षरात होती, खाली कुणाचा तरी अंगठा. नानांनी ती वाचली आणि चष्मा काढला. कडूबाईंनी हातातून घेऊन मोठ्यानं वाचली.

"हुंबे साहेब माणूस लई चांगला. नाव पुकारतो तवा बरं वाटतं. फक्त ही पेटी उघडत न्हाय."

 मग नानांनी चिठ्ठ्या गोळा करून रुमालात बांधल्या, पेटी पुसली, लोणच्याचा डाग घासून काढला. दुसऱ्या दिवशी धाराशिवला जाऊन फलकाखाली स्वतःच्या हातानं खिळा ठोकला आणि पेटी लावली. दिग्विजय किल्लीसाठी हात पुढं करून उभा होता.

नानांनी किल्ली राजेश्वरीच्या हातात दिली. "दर शनिवारी उघडायची, पोरी," ते म्हणाले. "सही कुणाचीच लागत न्हाय."